विलवुडचा ब्रेक प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह: जुन्या एमजीबी जीटीवर वर्षभर वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकते, घाईत असलेल्यांचं काम होईल. विलवुड या ब्रेकचे भाग बनवणाऱ्या कंपनीचा गोल मुठीचा अ‍ॅडजस्टेबल प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह, म्हणजे मागच्या ब्रेकचा दाब एका हद्दीनंतर आवरणारा व्हॉल्व्ह, चांगला आहे. मला तो सत्तर पौंडांच्या आत पडला, आणि जे करतो म्हणतो तेवढं नक्की करतो. पण 'पावसात मागची चाकं लॉक होतात' एवढ्याच कारणासाठी घेणार असाल तर घेऊ नका. त्या दुखण्याचं औषध बहुतेक वेळा ड्रमच्या आत असतं, आणि ते पुष्कळ स्वस्त आहे.

आता सविस्तर. गाडी १९७२ ची एमजीबी जीटी. कोल्हापुरात आमच्या घरी एमजी म्हटलं की २०१९ ला आलेली हेक्टर डोळ्यांसमोर येते, त्यामुळे फोटो पाठवला तेव्हा मावशीने 'एवढीशी?' असं विचारलं. ही एमजीबी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० बनत होती. जीटीचं ते उतरतं छप्पर १९६५ चं, पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या हातचं. इंजिन १७९८ सीसी, पुढे डिस्क, मागे दहा इंची ड्रम, दोन आसांमधलं अंतर ९१ इंच. माझ्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच आहे आणि बॉनेटखाली वेगळा बसवलेला सर्व्हो, म्हणजे पायाचा जोर वाढवणारं यंत्र. मी वॉरिकशायरमध्ये राहते, पोटापाण्याला गिअरबॉक्सचं काम करते. ब्रेकचं ज्ञान मात्र नोकरीतलं नाही. ते शिवाजी उद्यमनगरातलं, आप्पांच्या लेथवरचं. जीप-ट्रकचे ड्रम टर्न करून घ्यायला दिवसभर लोक यायचे आणि शाळा सुटल्यावर मी तिथेच असायचे.

गाडी घेतली त्या हिवाळ्यात ओल्या राउंडअबाउटवर उतारावरून येताना ब्रेक दाबला की शेपूट बाहेर जायची. खूप नाही, पण पोटात गोळा यायला पुरेशी. क्लबातल्या जाणकारांपैकी प्रत्येकाचं उत्तर एकच: मागच्या लाइनमध्ये व्हॉल्व्ह टाक. मी रविवारी आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागचं ड्रम काढून बघितलंस का?"

"अजून नाही."

"न्हाई? मग व्हॉल्व्हचं काय घेऊन बसलीस! आधी आत काय चाललंय ते तर बघ की."

ड्रम काढले. डाव्या बाजूला अ‍ॅक्सलचं ऑइल सील गेलेलं, लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तरावर, तेलाचा थर. उजव्या बाजूचे लायनर काचेसारखे चकाकत होते आणि ड्रमला ओव्हल आलेलं. एमजीबीच्या मागच्या ड्रममध्ये एक शू (लायनर बसवलेली, ड्रमला आतून दाबणारी कमानदार पट्टी) असा असतो की फिरणारा ड्रम त्याला स्वतःच्याच अंगावर ओढून घेतो. त्यामुळे लायनरची पकड थोडी जरी बदलली तरी ब्रेकचा जोर त्याहून जास्त बदलतो. डिस्कचं असं नसतं, तिथे पकड जेवढी बदलेल तेवढाच जोर बदलतो. ओल धरलेला, वर गंज चढलेला ड्रम सकाळी पहिल्या दोन-चार वेळा एकदम धरतो ते यामुळेच. माझ्याकडे तर एक बाजू तेलाने सुटलेली आणि दुसरी अधूनमधून धरणारी. शेपूट बाहेर न जाती तरच नवल.

सील, नवे लायनर, टर्न केलेले ड्रम, नवे व्हील सिलिंडर आणि मागचा रबरी होज. होज बदलाच, जुना आतून फुगतो आणि दाब सोडायला वेळ लावतो. मग शू नीट अ‍ॅडजस्ट केले, आणि जुने, कडक झालेले टायर बदलले. ओल्या राउंडअबाउटवरचं सरकणं गेलं. व्हॉल्व्ह अजून विकतही घेतलेला नव्हता.

मग घेतला कशाला? कारण मला स्प्रिंटचं, म्हणजे एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध धावायच्या छोट्या शर्यतींचं, वेड लागलं. लिचफिल्डजवळ कर्बोरो नावाचा छोटा स्प्रिंट कोर्स आहे. तिथे जायचं म्हणून मऊ रबराचे, जास्त पकडीचे टायर घातले, आणि कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारताना मागची चाकं पुन्हा आधी लॉक व्हायला लागली. या वेळी ड्रममध्ये काहीही बिघाड नव्हता. दुखणं वेगळं होतं आणि ते समजायला थोडं गणित लागतं.

ब्रेक लागला की वजन पुढे जातं. दोघं मिळून कपाट जिन्याने उतरवताना खालच्यावर जास्त भार येतो, तसं. गाडी चालकासकट ११०० किलो धरा, उभी असताना पुढे-मागे निम्मं-निम्मं, आणि वजनाचा मध्य जमिनीपासून साधारण अर्धा मीटर. ओल्या रस्त्यावर ०.४ जी ने (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला वेग कमी होण्याचा दर) गाडी थांबत असेल तर सुमारे ९५ किलो पुढे जातात, म्हणजे पुढे-मागे ५९ आणि ४१ टक्के. कोरड्यावर चांगल्या टायरनी ०.९५ जी मिळाले तर जवळजवळ २२५ किलो पुढे जातात आणि हिशेब ७० आणि ३० वर येतो. मागच्या चाकांवरचा भार असा बदलत असताना ब्रेकचं पुढचं-मागचं प्रमाण मात्र कारखान्यात पिस्टनच्या आणि सिलिंडरच्या व्यासांनी ठरलेलं, पक्कं. कारखान्याने ते प्रमाण त्या काळच्या टायरांना धरून निवडलं होतं. पकड वाढवली की गाडी त्या प्रमाणाच्या पलीकडे जाते आणि मागची चाकं आधी हार मानतात.

आणि मागची आधी हार मानणं हे पुढची मानण्यापेक्षा कितीतरी वाईट. लॉक झालेल्या चाकाला आडवी पकड उरत नाही. पुढची लॉक झाली तर स्टिअरिंग ऐकत नाही, पण गाडी सरळ जाते. मागची लॉक झाली तर गाडीला पाठीचं तोंड करायची घाई होते. म्हणूनच आजच्या गाड्यांच्या युरोपीय नियमांत साधारण ०.१५ ते ०.८ जी पर्यंत मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक होता कामा नयेत अशी अट आहे. १९७२ च्या एमजीबीला ती लागू नाही, पण भौतिकशास्त्र लागू आहेच.

हा व्हॉल्व्ह काय करतो ते नीट समजून घ्या, कारण दुकानातही ते चुकीचं सांगितलं जातं. तो मागचा दाब सरसकट कमी करत नाही. आत एक स्प्रिंग आणि पिस्टन असतो. ठरावीक दाबापर्यंत जेवढा दाब आत येतो तेवढाच बाहेर जातो. त्या दाबानंतर मात्र बाहेरचा दाब आतल्यापेक्षा हळू चढतो. मूठ फिरवून आपण बदलतो तो हा वळणाचा बिंदू. समजा तो ४०० पीएसआयला (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचं माप) लावला आणि त्यानंतर चढ निम्मा झाला, तर पुढे ८०० असताना मागे ६०० मिळतील. विलवुड या बिंदूसाठी १०० ते १००० पीएसआयची मर्यादा देते आणि दाबातली घट जास्तीत जास्त ५७ टक्के.

आता यातली मेख बघा. ओल्या रस्त्यावर चाकं लॉक होतात ती कमी दाबाला. माझ्या गाडीचा अंदाज काढला तर ०.४ जी ला लाइनमध्ये तीनशेच्या खालीच पीएसआय असतात. कोरड्यासाठी बरोबर लावलेला व्हॉल्व्ह त्या दाबाला जागाच झालेला नसतो. आणि ओल्यासाठी जागा व्हावा म्हणून बिंदू खाली आणला तर कोरड्यात मागचे ब्रेक नुसते शोभेला राहतात, सगळा भार पुढच्या डिस्कवर येतो आणि थांबायचं अंतर वाढतं. आप्पांनी 'आधी ड्रम बघ' म्हटलं तेव्हा त्यांच्या डोक्यात हा आलेख नसणार, पण उत्तर तेच होतं.

बसवणं. एमजीबीत हे काम सोपं आहे, कारण मागच्या आसापर्यंत एकच पाइप जातो आणि तो तिथे पोचल्यावर दोन चाकांत फुटतो. व्हॉल्व्ह त्या एका पाइपातच, पुढच्या चाकांची वाट फुटून गेल्यानंतर बसला पाहिजे. हे सांगावं लागतं, कारण आमच्या क्लबातल्या एकाच्या गाडीवर एका गॅरेजवाल्याने तो सर्व्होच्या लगेच पुढे, जोडणीच्या आधी बसवून दिला होता. चारही चाकांचा दाब कापला गेला. बिचारा म्हणे पेडल तेवढंच कडक आहे, पण गाडी थांबायचं मनावर घेत नाही. बिल मात्र पूर्ण लावलं होतं.

घेताना आटे तपासा. हा व्हॉल्व्ह वेगवेगळ्या आट्यांत मिळतो आणि एमजीबीचे पाइप ३/१६ इंची, त्यांचे नट ३/८ इंची यूएनएफ (बारीक इंची आटे). पाइप-आट्याचा व्हॉल्व्ह आणला तर मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतात, आणि प्रत्येक अ‍ॅडॅप्टर म्हणजे गळतीची एक नवी जागा. इन्व्हर्टेड फ्लेअरचा घ्या. पाइपाच्या टोकाचा फ्लेअरही, म्हणजे पसरवलेलं तोंडही, त्याच बसकेचा हवा. जुन्या इंग्लिश गाड्यांत गोल फुगवट्याचा आणि दुहेरी दुमडलेला असे दोन्ही सापडतात आणि एकाच्या जागी दुसरा कितीही आवळला तरी पाझरतो. मी क्युनिफरचा, म्हणजे तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा, नवा पाइप घेतला, तो हाताने वळतो आणि गंजत नाही. फ्लेअर करायचं हत्यार चांगलं घ्या, स्वस्तातलं पाइपाला चावतं.

बसवायची जागा हा चर्चेचा विषय आहे. रेसवाले मूठ हाताशी, सीटजवळ ठेवतात. माझं मत: रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत ती हाताशी नको. मी बॉनेटखाली, सुट्या पट्टीवर बसवली. शेजारच्या सीटवर कोणी मुलगा बसला आणि 'मावशी, हे काय?' म्हणत त्याने फिरवलं, तर मला ते पुढच्या सिग्नलला कळेल. बसवल्यावर एअर नीट काढा. हे काम माझ्या नवऱ्याच्या पायावर चाललं, दाब, धर, सोड, दाब, धर, सोड, आणि शेवटी तो म्हणाला की आपलं लग्न टिकलंय ते ब्रेक फ्लुइडमुळे नक्कीच नाही.

सेटिंग रस्त्यावर करू नका. रुंद, मोकळी, सरळ जागा हवी आणि बाहेर उभं राहून चाकं बघणारा माणूस. मागचा दाब सगळ्यात कमी ठेवून सुरुवात करायची, एकाच वेगाने येऊन सरळ रेषेत ब्रेक मारायचा, आणि मूठ थोडी थोडी फिरवत जायची, मागची चाकं पुढच्यांच्या आधी लॉक व्हायला लागेपर्यंत. मग तिथून मागे यायचं, आणि अगदी काठावर नाही, थोडं आतच राहायचं. पेट्रोलची टाकी भरलेली आहे की रिकामी, मागे सामान आहे की नाही, यानेही हिशेब बदलतो, म्हणून काठावर कधीच लावू नये. जीटीला मागे मोठं झाकण आणि सामानाची जागा आहे, तेव्हा रोजच्या वापरात मागे थोडं वजन वाढलं तर ते आपल्या बाजूनेच पडतं.

माझा बिंदू शेवटी साडेपाचशे पीएसआयच्या आसपास स्थिरावला. मुठीवर आणि बॉडीवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली आहे, कोणी हलवली तर दिसावी म्हणून. कर्बोरोच्या शेवटच्या वळणाआधी आता पूर्ण ताकदीने ब्रेक मारता येतो आणि गाडी नाकाने दाबून थांबते, पाठ हलत नाही. याआधी मी तिथे अर्ध्या पायाने ब्रेक मारत होते, कारण बाकीचा अर्धा पाय भीतीने वर राहायचा. वेळेत फरक पडला. पण खरं सांगायचं तर वेळेपेक्षा हे महत्त्वाचं की आता पेडल दाबताना मी पुढच्या वळणाकडे बघते, आरशाकडे नाही.

याला पर्याय आहेत आणि काहींना तेच बरे पडतील. पहिला, पुढे जास्त पकडीचे पॅड. तोल आपोआप पुढे सरकतो, पाइप कापावा लागत नाही. माझ्या टायरांना ते एकटं पुरलं नाही, पण साध्या टायरांवर बहुतेकांना पुरेल. दुसरा, मागे लहान व्यासाचे व्हील सिलिंडर. जोर व्यासाच्या वर्गावर चालतो, म्हणजे ०.८० इंचाऐवजी ०.७० इंच घातलं तर मागचा जोर सुमारे २३ टक्के उतरतो. हे सगळ्या दाबांना लागू होतं, ओल्यातही. बिघडायला काही नाही, कोणी फिरवू शकत नाही. पण एकदा केलं की केलं, बारीक फेरफाराला जागा नाही, आणि ओल्यात मागच्या ब्रेकचा उपयोगही तेवढा कमी होतो. तिसरा, दोन मास्टर सिलिंडर आणि मध्ये बॅलन्स बार. तोलाचं खरं उत्तर तेच, कारण प्रमाण सुरुवातीपासून बदलतं. पण त्यासाठी पेडलबॉक्स बदलावा लागतो, सर्व्हो जातो, आणि खर्च या व्हॉल्व्हच्या कित्येक पट. पूर्ण रेसच्या गाडीला ठीक आहे.

लिव्हरवाला व्हॉल्व्हही मिळतो, टिल्टन आणि एपी रेसिंग दोघांचेही आहेत. त्याला खाचा असतात, त्यामुळे 'तिसऱ्या खाचेवर' असं सांगता येतं आणि पाऊस आला तर पटकन बदलता येतं. स्प्रिंटला मित्राच्या गाडीत हाताळला, मजा आली. एकाच दिवसात ओलं-कोरडं दोन्ही लागत असेल तर तो घ्या. वर्षातून दोनदा हात लावणाऱ्याला मूठ पुरते.

रोलरवर तपासून व्हॉल्व्ह लागल्याची खात्री करू पाहणाऱ्यांना एक सूचना. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना एमओटीतून, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीतून, सूट आहे, तरी मी स्वखुशीने करून घेते. रोलरवर प्रत्येक चाकाचा जोर वेगळा दिसतो, त्यामुळे डावं-उजवं बघायला ते उत्तम. माझं गळकं सील तिथे पहिल्या मिनिटात पकडलं गेलं असतं. पण पुढचं-मागचं तोलायला रोलर निरुपयोगी, कारण गाडी जागेवर उभी असते आणि वजन पुढे जातच नाही.

आणि हे काही गाड्यांना लावूच नका. ज्यांत कारखान्याचा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आधीच आहे त्यांत याची भर घातली तर दोन व्हॉल्व्ह एकामागे एक लागतात आणि कोण केव्हा वळतंय ते कोणालाच कळत नाही. एबीएसच्या गाडीत तर विषयच नाही. विमा कंपनीला बदल कळवा. मी कळवला, त्यांनी हप्ता वाढवला नाही, फक्त लेखी नोंद घेतली.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक तारा कापला तो कारागिरीसाठी नाही. बिंदू कितीवर आहे हे मूठ बघून समजत नाही, आणि या जातीच्या कुठल्याच मुठीच्या व्हॉल्व्हचा त्याला इलाज नाही. इलाज आपण करायचा: दोन प्रेशर गेज घ्या, एक पुढच्या कॅलिपरच्या ब्लीड निपलला (एअर काढायच्या तोटीला), एक मागच्या सिलिंडरच्या, आणि कोणाला तरी पेडल हळूहळू दाबायला सांगून दोन्ही काटे बघा. जिथे मागचा काटा रेंगाळायला लागतो तो तुमचा बिंदू. दोन्ही गेज मिळून व्हॉल्व्हपेक्षा महाग पडतात, म्हणून दोन-तीन जणांनी मिळून घ्यावीत. माझी सध्या एका ट्रायम्फवाल्याकडे गेली आहेत, त्याच्यानंतर दोन नावं लागलेली आहेत.